जमिनीचं पांघरूण

“वन्सं, हे घर आहे की मासळीबाजार?” आई नाक दाबून मागच्या दारात उभी होती.

आत्यानं वर पाहिलंच नाही. तळ्यातून आणलेल्या ओल्या शेवाळाची पाटी टोमॅटोच्या रोपांपाशी उपडी करत ती म्हणाली, “जरा कळ काढा, वहिनी. वाळलं की वास जातो.”

“वाळेपर्यंत तुम्ही नवी पाटी आणता!”

हे मात्र खरं होतं.

आत्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर परक्यांच्या चादरी उकळायच्या, पिळायच्या आणि सुटल्यावर तळं गाठायचं. लांब दांड्याच्या दाताळ्यानं ती शेवाळ आणि पाणगवत काठावर ओढायची, पण लगेच पाटीत भरायची नाही. उतारावर निथळत ठेवायची. “त्यातल्या गोगलगाई, माशांची पिल्लं आधी आपापल्या घरी जाऊ देत,” म्हणायची. आमच्या खोल्यांमागचा तुकडा म्हणजे नुसता मुरूम, पहार मारली तर ठिणगी उडावी असा. त्यावर तिनं थरावर थर शेवाळ घातलं. जमिनीचं पांघरूण म्हणायची ती त्याला. त्याखाली माती हळूहळू काळी, भुसभुशीत झाली, गांडुळं आली आणि त्या वर्षी पहिल्यांदाच रोपांना टोमॅटो धरले.

नवरा गेल्यावर तिचं सासर सुटलं. मग थोरल्या भावाकडे काही काळ काढून ती आमच्याकडे आली. घरात तिचं असं काही नव्हतं, चहाचा कपसुद्धा आमचाच. मागचा तुकडा तेवढा सगळे ‘आत्याचा’ म्हणत.

एका सकाळी वरच्या मजल्यावरचे घरमालक खाली आले. बाबांना म्हणाले, “मास्तर, एक तर बहिणीची बाग ठेवा, नाहीतर माझ्या खोल्या. दोन्ही नाही जमायचं.”

“बघतो,” बाबा म्हणाले. बाबा सगळं नुसतं बघायचे, करायची आई.

आईचा स्वच्छतेवर विश्वास होता आणि तिच्या लेखी स्वच्छता म्हणजे फिनेल. आत्या कामावर गेल्यावर तिनं अख्खी बाटली त्या पांघरुणावर रिकामी केली. मनात काही वाईट नव्हतं. वास मेला की मालक गप्प बसतील आणि वन्संची बागही राहील, इतका सरळ विचार.

रोपांनी माना टाकल्या, मग पानं काळी पडली. आत्यानं मूठभर शेवाळ उचलून हुंगलं आणि तिला कळायचं ते कळलं.

“वन्सं, मला वाटलं, नुसता वास जाईल...”

“गेला की,” आत्या म्हणाली. “आता इस्पितळासारखा येतोय.”

रोपं तिनं स्वतःच्या हातानं उपटली. हिरवे टोमॅटोसुद्धा ठेवले नाहीत. मग आत येऊन ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागली. धुलाईघरामागे कामकरी बायकांची खोली होती, तिथे एक खाट रिकामी होती म्हणे.

“ताई, असं काय करतेस?” बाबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आता आई माफी मागेल, असं मला वाटलं. पण आईला माफी मागता यायची नाही, तिला फक्त कामाचं बोलता यायचं. आज त्या दोघींच्या तेव्हाच्या वयाहून मी कितीतरी मोठी आहे, आणि माफी मागणं मला जमतं असं मीही म्हणणार नाही.

“तळ्यावरच वाळवून आणलं तर वास येणार नाही ना?” आईनं दारातून विचारलं.

“नाही. पण त्याला ऊन लागतं, आणि मधून मधून उलटायला माणूस. ऊन असतं तेव्हा मी चादरींपाशी असते.”

“मी असते की घरी. कितीदा उलटायचं, तेवढं सांगून जा.”

आत्याचा हात ट्रंकेच्या कडीवर थांबला. “सांगून नाही कळायचं. वरून कुरकुरीत दिसतं आणि आत ओलं असतं. लबाड असतं ते.”

“मग दाखवा.”

आत्या मग पायानंच ट्रंक खाटेखाली सारत म्हणाली, “डोक्याला काहीतरी बांधा. ऊन लागेल.”

फिनेलची माती दोघींनी खरवडून काढली. भर दुपारी आई पुटपुटत तळ्यावर जायची. गल्लीतली पोरं आधी आत्याला ‘शेवाळबाई’ म्हणायची, आता दोघींना म्हणू लागली. आईनं एकाच्या मागे दाताळं घेऊन धावायलाही कमी केलं नाही. मालक एकदा जिन्यावर उभे राहून बराच वेळ हुंगत होते. त्यांना काही सापडलं नाही.

नवी रोपं लावली त्या दिवशी आई वाळलेलं शेवाळ भराभर घालत सुटली, अगदी खोडांना चिकटवून.

“वहिनी, गळा नका आवळू त्याचा. कुजेल.”

नेहमीची आई असती तर उलटून बोलली असती. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेका रोपाशी थांबून, बोटांनी शेवाळ मागे सारत, खोडाभोवती वाटी मावेल एवढी जागा मोकळी करत गेली.