मोरपंखीच्या मुळाशी गेलेला मुरूम

मित्रांनो, मी एक जुना मुरूम आहे. किती जुना ते मात्र विचारू नका, मलाच धड आठवत नाही. कधीकाळी हा सारा मुलूख आगीच्या रसाखाली होता. तो रस थिजला, त्याचा काळा कातळ झाला आणि उन्हापाण्याने तो कातळ भुसभुशीत झाला, तो मी. माझ्याही वरचा थर आणखी झिजून लोण्यासारखा मऊ झाला. त्यालाच तुम्ही काळी माती म्हणता. ती माझी धाकटी बहीण. पण नशिबाचा खेळ बघा! तिच्यात ज्वारी पेरतात, तिला हात जोडतात. मला रस्त्यात ओततात आणि वरून रोलर फिरवतात.

तक्रार नाही हं माझी. सोलापुरातल्या कितीतरी घरांच्या जोत्यात मी आहे. शाळेच्या मैदानात मी आहे. माझ्यावर गुडघा फोडून घेतल्याशिवाय इथलं एकही पोर मोठं झालेलं नाही. मात्र मला माती म्हणून कुणी कधी हाक मारली नव्हती, आणि माझ्यात कुणी हौसेने झाड लावेल असं मलाही वाटलं नव्हतं.

जुळे सोलापुरात मी ज्या जागेवर पडून होतो, तिथे बँकेत नोकरी करणाऱ्या मानसिंग नावाच्या गृहस्थाने घर बांधलं. त्याची आई मुक्ताबाई. उजनीकाठच्या गावात तिचा सारा जन्म शेतीत गेला होता. गुडघे बोलायला लागले तसं मानसिंगने रान वाट्याने दिलं आणि आईला इकडे आणलं. तिच्या सामानात एक वाकळ होती, लोणच्याची बरणी होती आणि रानातल्या काळ्या मातीची भरलेली पोती होती. माती कशाला आणली म्हणून सगळे हसले. तिने पोती नीट रचून ठेवली.

मग मानसिंगच्या लेकीसाठी, अंकितासाठी, रोपवाटिकेतून मोरपंखीचं रोप आलं. तुम्ही हे झाड नक्की पाहिलं असेल. याचं पान पुस्तकात ठेवलं की विद्या येते, असं मुलं मानतात. अंकिताला गणित फारच अवघड जात होतं, म्हणून तिला आख्खं झाडच हवं होतं.

मुक्ताबाईने खड्ड्यात डोकावून मला बघितलं आणि नाक मुरडलं.

"ह्या दगडात झाड लावतोस व्हय, मानसिंगा? हितं गवत बी जीव धरायचं न्हाय. माझी माती आन."

मला उपसून कंपाउंडच्या भिंतीशी टाकलं. खड्डा काळ्या मातीने काठोकाठ भरला. मुक्ताबाईने ती हाताने सारखी केली, जणू लेकराला न्हाऊ घालत होती. "हिनं आमाला उभा जन्म जेवू घातलंय," ती नातीला म्हणाली. "हिच्यात तुजं झाड बघ कसं डुलतंय."

रोज सकाळ-संध्याकाळ रोपाला बादलीभर पाणी मिळू लागलं. बादली मात्र मानसिंग उचलायचा. "आई, तू बस. लई राबलीस, आता फक्त बसायचं." तिच्या हातातला झाडू गेला, पिठाचा डबा गेला. बिचारी पायरीवर बसून झाडाकडे बघत राहायची. या घराला देण्यासारखं तिच्यापाशी तेवढंच होतं, तिच्या रानाची माती.

थंडी सरता सरता मोरपंखी आतून तांबूस पडू लागलं. मुक्ताबाईने आणखी पाणी घालायला सांगितलं. पानं झडू लागली. मी भिंतीशी पडल्या पडल्या बघत होतो. मला कळत होतं, पण दगडाला कुठली वाचा? माझ्या बहिणीचा गुण पाणी धरून ठेवण्याचा. थंडीत पावसाचा थेंब नसताना ज्वारी उभी राहते ती त्याच गुणावर. पण इथे खाली आणि बाजूने माझे घट्ट थर, मध्ये ती. खड्ड्याचा रांजण झाला होता. मोरपंखीच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि ती गुदमरत होती.

"आज्जी, ते मरतंय का गं?" अंकिताने विचारलं.

"मरू दे," मानसिंग सहज म्हणाला, "दुसरं आणू."

मुक्ताबाईचा चेहरा पडला. दुसरं झाड मिळेल हो, पण आज्जीच्या मातीत झाड मेलं हे घरात राहील ना! तिच्या रानावरच डाग लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुडघे सावरत झाडापाशी बसली आणि मातीत बोटं घातली. वर भेगा होत्या, खाली थंडगार चिखल. तिने चिमूट नाकाशी नेली. आंबूस वास. तो वास तिच्या ओळखीचा होता. धरणाचं पाणी खालच्या वावरात चढलं की पिकाच्या मुळाशी हाच वास यायचा. तिने बोटं पदराला पुसली.

"मानसिंगा, टिकाव आन."

"आई, तू बस, मी नंतर..."

"पाण्यात बसून त्याची मुळं कुजली. असं बसवून ठिवलंस तर माजी बी कुजत्याल! टिकाव आन म्हंते न्हवं?"

मानसिंगने मुकाट्याने टिकाव आणला.

मित्रांनो, मी आगीचा लोंढा पाहिला आहे. पण त्या सकाळी जे पाहिलं त्याने मी थक्क झालो. त्या बाईने आपल्या रानाची माती आपल्याच हातांनी ओंजळ ओंजळ बाहेर काढली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात थांबत नव्हते. मुळांची टोकं काळी पडली होती, थोडीच पांढरी उरली होती. मानसिंगने पहारीने खड्ड्याचा तळ फोडला. मग ती माझ्या ढिगाशी आली. मूठभर मुरूम तळहातावर घेऊन तिने वर तांब्याने पाणी सोडलं. पाणी माझ्यातून सरसर निघून गेलं.

"ज्वारीला पाणी धरनारी माती लागती," ती हळूच म्हणाली. "ह्याला सोडनारी लागती. मलाच कळाया पायजे हुतं."

तिने मला चाळून घेतलं, त्यात मुरलेलं शेणखत मिसळलं आणि शेवटी आपल्या काळ्या मातीची एकच ओंजळ टाकली. "वळख ऱ्हावी म्हनून," ती अंकिताला म्हणाली. मग खड्डा भरला. पाणी आता माती कोरडी लागली तरच मिळणार होतं.

बरेच दिवस काहीच घडलं नाही. सोलापूरचं ऊन तापायला लागलं. मुक्ताबाईला घास गोड लागेना. आणि एका पहाटे माझ्या एका खड्याला काहीतरी टेकलं. सुतासारखं बारीक, पांढरं, ओलं. मूळ होतं ते! ते चाचपडलं, वळलं, दोन खड्यांमधल्या फटीतून आत आलं. तुम्हाला कसं सांगू? मी जन्मलो आगीतून, झिजलो वाऱ्यापाण्याने, रोलरखाली दबलो. पण हौसेने लावलेल्या एका नाजूक जिवाने माझा आधार मागितला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. थोड्याच दिवसांत शेंड्याला पोपटी टोकं फुटली. अंकिता पान तोडायला धावली, तर आज्जीने तिचा हात धरला. "आत्ता न्हाय. आत्ता त्यालाच लागत्यात."

तर मित्रांनो, झाड लावाल तेव्हा आपल्याला काय प्रिय आहे ते बाजूला ठेवा आणि त्याला काय मानवतं ते आधी बघा. माझ्या बहिणीला दोष देऊ नका. तिला स्वयंपाकघरामागे वाफा करून पसरलं आहे आणि त्यात शेपू असा तरारला आहे की शेजारी मागायला येतात.

काल संध्याकाळी मुक्ताबाई त्या वाफ्याकडे निघाली. मानसिंग पायरीवर होता. 'आई, तू बस' म्हणायला त्याने तोंड उघडलं, मोरपंखीकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि उठून तिच्या हातात खुरपं दिलं.