लेकीच्या गावचं पाणी

तांब्या सुलेखाच्या हातात होता, भरलेले पेले पोरांच्या हातात होते, पण एकही पोर पीत नव्हतं.

"प्या की रे," सुलेखा म्हणाली. "रांजणातलं हाय, गार."

"बाई आधी," कृष्णा म्हणाला. "बाईंनी प्याल्याबिगर आम्ही पीत नाय."

ओट्याच्या कडेला टेकलेल्या मनकर्णाबाईंनी पदरानं मान पुसली. लेकीकडं त्यांनी पाहिलं नाही.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून त्या टाकळवाडीच्या पोरांना दर रविवारी शेजारच्या एकेका गावाला पायी नेत. शेजारचं गाव म्हणजे हर्सूलकडं जाताना जीपमधून दिसणारी कमान, एवढीच पोरांची ओळख. बाई त्यांना कमानीतून आत नेत. जुनी बारव कुठं, कुंभाराचा आवा कुठं, आपल्याकडच्या भाजीला इथं काय म्हणतात, हे पोरांनीच विचारून काढायचं. आणि या सगळ्याच्या आधी कुठल्या तरी घरी पाणी मागायचं. "दुकानात बाटली घेतली तर दुकानदार पैशापुरता बोलतो," बाई सांगत. "पाणी मागितलं की घर बोलतं."

पहिल्याच गावी पोरांतल्या माऊलीनं एका घरचा पेला परत केला होता. घरून सांगितलंय, म्हणाला, या आळीतलं पाणी प्यायचं नाय. बाई रागावल्या नाहीत. "घरून सांगितलंय हे कारण नसतं रे. कारण काय ते विचारून ये," एवढं म्हणून त्यांनी तो पेला स्वतः रिकामा केला. पुढच्या रविवारी माऊलीनं येऊन सांगितलं, "बाई, कुणालाच ठाऊक नाय." तेव्हापासून बाई आधी पीत आणि त्यांच्या पाठोपाठ माऊली.

आसपासची गावं पाहून झाली. नांदरखेडा तेवढं राहिलं होतं. बाई काही ना काही निमित्त काढून ते पुढं ढकलत आल्या होत्या. आज पोरांनी ऐकलं नाही, आणि गावात शिरताच सगळी पळत सुटली ती थेट सुलेखाताईच्या दारात.

लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही बाईंच्या घरची रीत. सुलेखाच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. बाई येत, ओट्यावर टेकत, लेकीला डोळे भरून पाहत आणि कोरड्या तोंडानं परतत. दर खेपेला कुणी काही न बोलता साऱ्या गल्लीला पुन्हा तेच कळत असे. सुलेखानं आईला पाणी विचारायचंही सोडून दिलं होतं.

"त्या नाय प्यायच्या, लेकरांनो." सुलेखाची सासू द्वारकाबाई सुपातली तूर निवडत होती. "त्यांचा नेम हाय. तुम्ही प्या."

"कसला नेम?" मोनालीनं विचारलं.

"तुझ्या बाईलाच विचार. शिकवायला लई हुशार हायत त्या."

भिंतीपलीकडून शेजारच्या मालनबाईचं डोकं वर आलं.

"बाई, का नाय पीत?" माऊलीनं विचारलं. त्याच्या आवाजात खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"अरे, आमच्या घरी..." बाई बोलू लागल्या.

"राहू दे रे," सुलेखा घाईनं म्हणाली. तांब्या तिनं पोटाशी धरला होता. "आईला तहान नसंल."

एवढं ऊन तुडवून आलेल्या बाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. ओट्यावरून उतरल्या आणि गल्लीतून दिसेल अशा जागी, अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मोनाली, तुझा पेला दे इकडं."

तो त्यांनी एका दमात संपवला आणि लेकीपुढं धरला.

"भर."

सुलेखानं तांब्या वाकवला. अर्धं पाणी बाईंच्या हातावर सांडलं. उरलेलं त्या सावकाश प्यायल्या.

"कुठल्या विहिरीचं गं?" दर गावी विचारत तसंच त्यांनी विचारलं.

"मळ्यातल्या."

"गोड हाय."

तोवर माऊलीचा पेला तोंडाला लागला होता. मग एकदम सगळ्यांचे लागले. कृष्णाला ठसका आला आणि पोरं हसली.

द्वारकाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं. "विहीणबाई, चालतंय व्हय आता?"

"कारण शोधलं, विहीणबाई. सापडलं नाय." बाईंनी ओला हात पदराला पुसला. "जेवायला काय करता? पोरं भुकेजली हायत. आन् मी बी."

द्वारकाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग सूप बाजूला सारलं.

"आता उभी काय राहिलीस, सुलेखा? विहीण पहिल्यांदा जेवणार, तिला काय ही तूर वाढू? पिठल्याचं बघ. ठेचा मी करते. तुझा लई मिळमिळीत होतो."

सुलेखा भिंतीपाशी गेली. मालनबाई हातभर अंतरावर उभी होती, साध्या आवाजातही तिला सगळं ऐकू गेलं असतं. तरी सुलेखाचा आवाज गल्लीच्या टोकाला, पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेला.

"मालनकाकू, तुमची मोठी परात द्या. माझी आई जेवायला थांबलीय."