जर्मन गोट्यांचा निवाडा

आपल्या गोट्यांची पेटी जर्मन आहे, हे काशिरामने इतक्या जणांना सांगितलं होतं की करंजा बंदरावरच्या कुत्र्यांनीही ते कबूल केलं असतं. नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या जाडजूड लोखंडी गोट्या, त्यांना अडकवून फिरवायचा दांडा, आणि एकीवरही कारखान्याचं नाव नाही.

"मोठ्या घरचा मानूस कपालावर नाव लिवून फिरतो काय?" काशिराम विचारी.

भंगारात निघालेल्या एका जहाजावरून त्या त्याच्या हाती आल्या होत्या. मासेमारीच्या बोटीचं जपानी इंजिन त्याने सारी उमर त्यांच्यावरच सांभाळलं. मग २००८ साली बोट विकली आणि तो आणि बायको मैना पनवेलजवळ खांदा कॉलनीत मुलाकडे राहायला आले. घर दोन खोल्यांचं. पेटी पलंगाखाली गेली आणि झाडताना मैनाच्या पायाला रोज तिची ठेच लागू लागली.

"आवो, या वयात गोट्या खेलता काय?" एक दिवस मैना वैतागली. "पनवेलला नियाजभाईंना दाखवा. ते जर्मन बोलले तर पेटी देव्हाऱ्याशेजारी ठेवीन. नाय बोलले तर भंगारात."

"चल! आताच चल!" काशिराम बोलून बसला खरा, पण रिक्षात पेटी मांडीवर घेऊन ती दोन्ही हातांनी धरून बसला. बंदर सुटलं, बोट गेली. हाताला ओळखीचं असं एवढंच उरलं होतं.

नियाज आखातात यंत्रांवर काम करून परतलेला. पनवेलच्या बाजारामागे त्याचं जुन्या हत्यारांचं दुकान. बोटीचे सुटे भाग त्याच्याकडूनच येत, त्यामुळे दोस्ती जुनी आणि थट्टाही जुनी.

"या, या, जर्मनीचे वकीलसाहेब! भाभी, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"माज्या पायाच्या," मैना म्हणाली.

नियाजने एक गोटी रॉकेलने पुसली. उजेडाकडे धरून आतल्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. गोटीच्या कमरेवरचा बारीक खवल्यांचा पट्टा नखाने चाचपला. काशिराम पुढे वाकला.

"माल अस्सल आहे," नियाज म्हणाला. "असं काम आता कोणी करत नाही."

काशिरामने बायकोकडे असं पाहिलं, जणू गोटी त्यानेच ओतली होती.

नियाजने बोटीच्या जपानी इंजिनाचा एक नट घेऊन गोटीत घातला. तो खुळखुळला. "ही तर हलतेय, शेठ."

"हलनारच!" काशिराम हसला. "गल्फात शिकलास आनि येवढं म्हाईत नाय? पट्टी कुठं घातलीस?" त्याने पेटीच्या तळातून पत्र्याची एक बारीक पट्टी काढली, गोटीच्या कोपऱ्यात सरकवली आणि नट दाबून बसवला. "आता हलव. जर्मन माल असाच बसवायचा असतो. हर गोटीची पट्टी येगली. मी सोता कापलेली."

नियाजने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले.

"शेठ, जर्मन माणूस मिलीमीटरात मोजतो. तुमचं जपानी इंजिनही मिलीमीटरचंच. दोघं एका मापाचे, तर मध्ये पट्टी कशाला?"

काशिरामने पट्टी काढून उलटसुलट पाहिली.

"तरीच!" मैनाने पदर तोंडाला लावला. "तरीच नट ढिले पडून बोट बंद, आनि दुसऱ्याच्या दोरीला बांधून घरा यायची! आनि हे सांगायचे, इंजिनाला नजर लागली!"

"हसू नको गो," काशिराम कळवळला.

नियाज त्याला दुकानामागे घेऊन गेला. ओवे गावातल्या एका बंद पडलेल्या भातगिरणीचं विलायती इंजिन तिथे गंजत पडलं होतं. "लावा गोटी."

काशिरामचा हात सवयीने पट्टीकडे गेला.

"पट्टी राहू द्या."

गोटी नटावर उतरली आणि गप्प बसली. त्याने ती उचलली, पुन्हा लावली. हलेना. पुन्हा उचलली. इतकी वर्षं ज्या हत्याराला तो चुचकारत आला होता, ते आज आपणहून जागेवर बसत होतं.

"इंची माप, तेही जुनं विलायती," नियाज म्हणाला. "इंग्लंडचा माल. कारखाना कुठला, ते शिक्क्याशिवाय सांगितलं तर मी खोटा. पण मुलूख पक्का."

"म्हंजे जर्मन नाय?" मैनाने विचारलं.

"नाही, भाभी."

"मंग ठरलं तसं, भंगारात."

काशिराम पुन्हा इंजिनावर वाकला होता. त्याने दांड्यावर अंगाचा भार टाकला होता. गंजलेला नट कुरकुरला आणि फिरला. लगेच तो दुसऱ्या नटाकडे वळला.

"भाभी," नियाज हळूच म्हणाला, "या इंजिनाच्या नटांना माझ्याकडचा एकही पाना बसत नाही. भंगार म्हणाल तर माझ्या दुकानाइतकं जवळचं भंगार पनवेलात दुसरं कुठलं?"

मैनाने इंजिनावर वाकलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळा झाला होता आणि गुणगुणत होता.

"सबूद म्हंजे सबूद. पेटी माज्या घरात येनार नाय," ती म्हणाली. "हिथंच ठेवा. आनि पेटीवालाबी सकालचा हिथंच धाडते. दुपारी जेवायला तेवढा परत द्या."

इंजिनाआडून आवाज आला, "पन नियाज, इंग्रजांनी जर्मनांकडूनच शिकून बनवल्या असतील ना?"

"शेठ, नट खोला!"