आधी दात, मग घास

मी त्या दिवशी भांडायलाच गेले होते. पक्षाघाताने आईची वाचा आणि उजवा हात गेला, म्हणून तिला शुश्रूषा केंद्रात ठेवून तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात तिचा हाडांचा सापळा झाला. ती घास थुंकते, असं मेट्रन फोनवर म्हणाल्या. सोमवारी नाकातून नळी घालावी लागेल, सहीला या. जिने जन्मभर चवीने खाल्लं, तिच्या नाकात नळी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एरवी मी रविवारी चारला जायची. आईला तिथे जेवताना कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून यावेळी मुद्दाम दुपारच्या जेवणाच्या वेळी पोचले. तिची आया आली, एका हातात ट्रे, दुसऱ्यात ब्रश. तिने आधी आईचे दात पुदिन्याच्या पेस्टने खसाखसा घासले, तोंड पुसलं आणि लगेच टोमॅटोच्या सूपचा चमचा आत सारला. आईने तोंड वेडंवाकडं करून सगळं टॉवेलवर थुंकलं. रोज हेच चालतं, असं आया म्हणाली.

पेस्टच्या तोंडाने काहीही खाल्लं तरी कडू जहर लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ट्रे हिसकावून घेतला. अक्कल गहाण ठेवलीय का, इथपासून सुरुवात करून आयाला नको नको ते बोलले. मेट्रन धावत आल्या, त्यांनाही सोडलं नाही. दिवसातून तीनदा, ऐन घासाआधी दात घासायचा हा शोध कोणी लावला, त्याचं नाव मला हवं होतं.

मेट्रननी फाईल आणली आणि पहिलं पान माझ्यापुढे धरलं. ‘सवयी’च्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: दात घासल्याशिवाय तोंडात काही घालू नये. शिस्त कडक आहे. खाली माझी सही.

लहानपणी आम्ही भावंडांनी सकाळी पारोशा तोंडाने बिस्किटाला हात लावला, की आई कान पिळायची. माझ्या मनात तेवढंच होतं, सकाळचं. फॉर्म भरताना मला घाई होती.

“मी पहिल्याच आठवड्यात फोन केला होता, ताई,” आया खालच्या आवाजात म्हणाली. “जेवणानंतर घासले तर चालेल का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, लिहिलंय तसं करा, मी कामात आहे.”

म्हणाले होते. राग अजून अंगात तसाच होता, फक्त काढायला आता समोर कोणी नव्हतं. आयाची माफी मागायला हवी होती, तीही मला जमली नाही.

ओल्या फडक्याने मी आईचं तोंड आतून दोन-तीनदा पुसलं. अर्धा तास थांबले. मग गार झालेल्या सूपचा एक चमचा दिला. तिने तो तोंडात धरून ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि गिळला. बघता बघता वाटी संपली. मेट्रननी नळीचा कागद घडी घालून खिशात टाकला.

आईने डावा हात उचलला. मला वाटलं, गालावरून फिरवेल. तिने माझा कान धरला आणि करकचून पिळला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी तो सोडवून घेतला नाही.