बंद इंजिनाचा काटा

काटा हलला तेव्हा गॅरेजसमोरच्या पन्नास-साठ माणसांनी एकदम हात जोडले. जीपचं इंजिन बंद होतं, किल्ली गॅरेजमालक संभाजीरावांच्या मुठीत होती, आणि डॅशबोर्डवरचा ऑइल-प्रेशरचा काटा मात्र शून्यावरून सरकत विसावर आला. “देवी आली बघा. दांडा जड झाला माझा,” बॉनेटमागून उत्तरेश्वर महाराज कण्हत म्हणाले. हडपसरात कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या, आणि इथे देवी उतरत होती, तीही बॉनेटमध्ये. तिला दुसरी जागा मिळाली नसावी.

मी हे पाहत होते स्टोअररूममधून. दाराला बाहेरून कडी होती.

मी शर्मिला, आयटीआय शिकलेली मोटर मेकॅनिक. पुण्यातल्या सात गॅरेजांनी मला “फोन घ्यायला बसा” म्हणून सांगितलं. इंजिन हातात दिलं ते एकट्या संभाजीरावांनी. त्यांच्या वावरात कंपनी आली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी हे गॅरेज काढलं होतं. इथे मी दोन जुनी इंजिनं पूर्ण उघडून नव्याने बांधली आणि दोन्ही पहिल्याच किल्लीला जाम झाली. बेअरिंगं जळून काळी पडली. मग महाराज आले आणि म्हणाले, इंजिनाला बाईचा विटाळ झालाय. झालं. माझ्या आठ महिन्यांच्या कामाचा निकाल एका वाक्यात लागला.

बरं, घरीही जाऊ देईनात. महाराजांचा हुकूम होता, “ही फाटकाबाहेर गेली तर पीडा मोकाट सुटेल. काटा हलेपर्यंत कोंडा हिला.” आता मीच बांधलेलं जीपचं हे तिसरं इंजिन महाराजांच्या हातून सुरू झालं, की दोष माझ्या हाताचा हे पक्कं, आणि मी पुन्हा त्या सात दारांत उभी. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. आमच्या घरी बुद्धवंदना होते, उतारे होत नाहीत. वडील एवढंच म्हणतात, डोळे उघडे ठेव. कोंडलेल्या माणसाला दुसरं करता तरी काय येतं?

दाराला जाळी होती. महाराजांनी भगवं कापड धरायला लावलं होतं ते गर्दीच्या बाजूने. माझ्या बाजूला काहीच नाही. विटाळलेल्या बाईलाही डोळे असतात, हे ते विसरले.

“ॐ ह्रीं पिस्टनबंधनमोचनाय नमः” म्हणत त्यांनी काटा हलण्याआधी खडूची खूण केली होती आणि प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर अलगद काढला होता. पुन्हा तसाच बसवता यावा म्हणून खूण करून काढणारा माणूस हिमालयातून आलेला नसतो, गॅरेजातून आलेला असतो. मग त्या भोकात त्यांनी आपला चांदीचा मुलामा दिलेला वाकडा दांडा घातला आणि गरगर फिरवायला लागले. दांड्याचं टोक पेचकसासारखं चपटं होतं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. हे मला आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं.

“पीडा बांधली,” महाराजांनी दांडा उंचावत जाहीर केलं. “यापुढे त्या मुलीचा हात इंजिनाला लागता कामा नये. तिला घालवा, मगच किल्ली फिरवा.”

संभाजीरावांनी कडी काढली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्यापासनं येऊ नको, शर्मिला. माझा राग न्हाई तुझ्यावर.”

“जाते. पण आजी, एवढं बघा,” मी त्यांच्या आईला, आनंदीबाईंना म्हटलं. “देवीच्या दांड्याच्या टोकाला काय लागलंय?”

म्हातारीने दांडा सरळ महाराजांच्या हातातून घेतला, टोकाला बोट लावलं, वास घेतला. “हे तर आईल हाय.”

“शास्त्रात तैलाभिषेक सांगितला आहे,” महाराज म्हणाले.

“मग अजून एक करू,” मी म्हटलं. काटा एव्हाना शून्यावर उतरला होता. मी कापड बाजूला ओढलं, दांडा त्याच भोकात सगळ्यांसमोर घातला आणि आनंदीबाईंना म्हटलं, “आजी, जात्यासारखा फिरवा.”

सत्तरीची बाई पदर खोचून उभी राहिली. वीस-पंचवीस फेरे झाले. “जड झालं गं,” त्या म्हणाल्या. काटा वर चढला.

“आता म्हातारीच्या अंगात देवी आली काय?” गर्दीतून कुणीतरी विचारलं, आणि लोक हसले.

“देवी नाही, तेल आहे,” मी म्हटलं. “दांडा खाली ऑइल पंपाच्या खाचेत बसतो. पंप फिरला की तेल बेअरिंगपर्यंत चढतं, दाब येतो, दांडा जड होतो. हा काटा त्या दाबावर हलतो, त्याला किल्ली लागत नाही.”

“मग आधीची दोन का जळाली?” संभाजीरावांनी विचारलं.

“तुम्ही मुहूर्तासाठी ती अकरा-अकरा दिवस ठेवलीत. बांधताना लावलेलं तेल निथळून गेलं. आधी पंप फिरवते म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, मुहूर्ताआधी इंजिन हलायचं न्हाई. आणि मुहूर्तावर पहिली डरकाळी मोठी पाहिजे म्हणून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलात. कोरड्या बेअरिंगवर. माझी चूक एकच, तुम्ही नको म्हटल्यावर मी गप्प बसले.”

संभाजीरावांनी मुठीतली किल्ली माझ्यापुढे धरली. मी डिस्ट्रिब्युटर खुणेवर बसवला आणि किल्ली आनंदीबाईंच्या हातात दिली. जीप सुरू झाली, इंजिनात एकही ठोका वाजला नाही. महाराज तोवर फाटकापाशी आपल्या स्कूटरला किक मारत होते. सातव्या किकेला ती सुरू झाली, बिनमंत्राची.

“उद्या ये,” संभाजीराव म्हणाले. मग जरा घुटमळून, “फकस्त ते चार दिवस तेवढे...”

“संभाजीराव, बेअरिंगला तेल लागतं. माझी तारीख त्याला कळत नाही.”

 मी पेचकस घेतला आणि स्टोअरच्या दाराची बाहेरची कडी काढायला बसले. चार स्क्रू होते, गंजलेले. तुम्हालाही एवढंच सांगते: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी कापडाच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. आणि तिथे कुणाला कोंडलंय का, तेही बघा.

शेवटचा स्क्रू निघेना. आनंदीबाईंनी बोटाला लागलेलं तेल त्याच्यावर पुसलं आणि म्हणाल्या, “आता फिरव.”