गेनबाआबांच्या मनगटावर

मी एक मोटर बोलतेय. विहिरीवरची नव्हे. शर्टाच्या बटणाएवढी, केसासारख्या दोन तारा असलेली. आवाज बंद करून मोबाईल खिशात ठेवला, की फोन आल्यावर मांडीशी जी थरथर होते ना, ती माझी. माझ्या पोटात एका बाजूनं जड असा तुकडा आहे. तो गरगर फिरला की मी थरथरते. याखेरीज मला काही येत नाही.

माझा पहिला फोन पाण्याच्या बादलीत पडला. मालकानं तो कापूरहोळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिला आणि न्यायला तो परत आलाच नाही. मग वर्षभर मी प्लास्टिकच्या डबीत, स्क्रूंच्या संगतीत पडून होते.

त्या दुकानात अश्विनी काम करते. सासर भोरचं, माहेर हिर्डोशीचं. एका दुपारी तिनं डबी पालथी केली, मला चिमट्यात धरलं आणि सेल लावून पाहिला. मी थरथरले. "जित्ती हाय की!" ती हसली, आणि मला रुमालात गुंडाळून माहेरी घेऊन गेली.

तिचे वडील गेनबाआबा. चाळीस वर्षं गावच्या भजनात टाळ वाजवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. कानाचं मशीन आणलं. त्यातून समोरच्याचं मोठ्यानं बोललेलं कळे, पण भजनात नुसता गलका होई. ठेका सुटू लागला. एका एकादशीला पखवाज वाजवणाऱ्या इंद्रजितनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि खुणेनंच सांगितलं, आज नुसतं बसा. त्यानं हळुवारपणेच सांगितलं होतं. पण आबांनी घरी येऊन टाळ पेटीत घातले, ते पुन्हा काढले नाहीत.

"इंद्रजितच्या हाताकडं बघून वाजवा की," अश्विनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

"बघून वाजवायचं म्हंजी सुटलेल्या एसटीमागं पळायचं, पोरी. घावत न्हाई."

"मग बघू बी नका. हाताला कळंल."

तिची युक्ती साधी होती. पखवाजाला एक पातळ पितळी चकती चिकटवायची. थाप पडली की चकतीला हादरा बसेल, तो सर्किटच्या छोट्या बोर्डाला कळेल, आणि बोर्ड मला थरथरायला लावेल. आधी तिनं मला थेट बोर्डाला जोडलं, तर माझ्यात हलायचंही बळ येईना. मग मध्ये ट्रान्झिस्टरचा चिमुकला तुकडा घातला, तेव्हा मला बॅटरीतून पोटभर वीज मिळाली. माझी तार दोनदा तुटली. तिनं दोन्ही वेळा कथलाचा डाग देऊन ती जोडली, वरून गोंद लावला आणि मला एका कापडी पट्टीत शिवलं.

देवळात इंद्रजितला बोलावलं. तो लगेच आला. त्या एकादशीची टोचणी त्यालाही होतीच. त्यानं थाप मारली, मी थरथरले, आबांनी टाळ वाजवले. पण दर वेळी थोडं मागंच!

"हे यंतर माझ्यापरीस म्हातारं हाय," आबा म्हणाले. सगळे हसले. अश्विनी हसली नाही. आबांनी पट्टी काढून तिच्या हातात दिली आणि चप्पल शोधू लागले.

खरं सांगते, चूक माझी होती. थांबलेल्या जागेवरून वेग घ्यायला मला वेळ लागतो. थाप पडून जायची, तेव्हा कुठं मी जागी व्हायचे. अश्विनीनं ते हेरलं. पुढच्या रविवारी ती आली, तेव्हा दर थापेला मला आधी सगळ्या जोराचा एक झटका मिळू लागला आणि लगेच वीज बंद. माझा जीव दमला, पण आळस पळाला.

आबा यायला तयार नव्हते. ठकुबाईंनी, त्यांच्या बायकोनं, पेटीतले टाळ काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले. "लेक एवढी दोन एसट्या बदलून येतीया. जावा."

इंद्रजितनं संथ लय धरली. आबांनी डोळे मिटले. टाळ थापेवर पडला. दुसरा पडला. इंद्रजितनं लय दुप्पट केली, तरी टाळ सुटेना. मग एके ठिकाणी आबांनी एकदम डोळे उघडले.

"इंद्रजित, हितं एक थाप खाल्लीस."

इंद्रजितनं पखवाजावरचे हात उचलून जोडले. "व्हय आबा. मुद्दाम खाल्ली. बघत हुतो."

यंदाच्या सप्ताहात आबा पुन्हा पहिल्या ओळीत उभे राहिले. पखवाजापासून त्यांच्या मनगटापर्यंत तीन हात वायर होती, त्यामुळे इंद्रजितला आणि त्यांना जोडीनंच पुढं-मागं व्हावं लागे. भजन संपल्यावर आबांनी पट्टी सोडून ठकुबाईंच्या हाताला बांधली आणि स्वतः पखवाजावर हलकेच थाप मारली. ठकुबाई दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या.

"आसं व्हय! मुंगी चावल्यागत."

"मला गोड लागती ती," आबा म्हणाले.

आता दर एकादशीला मला काम असतं. एरवी मी आबांच्या सदऱ्याच्या खिशात असते. मी काही फार वर्षं टिकणारी नाही, फिरून फिरून झिजेन. म्हणून तुम्हाला एवढंच मागते: कपाटात बंद पडलेला फोन असेल, तर तो एखाद्या अश्विनीच्या हाती द्या. माझ्या कितीतरी बहिणी आत गप्प बसल्या आहेत.

पखवाज घुमावा म्हणून इंद्रजित त्याला कणीक लावतोय. आबांनी पट्टी आवळली. बोलणं इथंच थांबवते, पहिली थाप चुकायला नको.