हक्काची मूठ

"ओ पिंजारीबुवा! आमचं घर काय गावाच्या बाहेर हाय काय?"

बदरुद्दीन थबकला. खांद्यावरची पिंजण सावरून त्यानं ओट्यावरच्या बाईकडं न बघता आधी तिच्या दाराच्या चौकटीकडं बघितलं. चौकटीला कडूनिंबाचा डहाळा नव्हता. दिवाळीचं वाळलेलं तोरण तेवढं होतं.

"नाही बाई," तो चाचरत म्हणाला, "तुमच्या घरी देवी निघाल्या म्हनत होते."

"कोनाले?"

"घरात कोनालेतरी."

सोजरबाई, म्हणजे केनवडच्या जगदेव पाटलांच्या मंडळी, आत वळून ओरडल्या, "अवो, आयकलं काय? आपल्या घरी देवी निघाल्या म्हने!"

"कोनाले?" आतून पाटलांचा आवाज आला.

"थेच तं इचारून राह्यली मी!" मग त्या बदरुद्दीनकडं वळल्या. "कोन म्हनत होतं?"

"बजारात कोनीतरी," बदरुद्दीन म्हणाला.

हे खोटं होतं. सांगणारा बाजारात भेटला नव्हता. त्याच्याच ओसरीवर बदरुद्दीन काल रात्री जेवून निजला होता. तो चांद पिंजारी, त्याचा व्याही.

दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. उस्तादानं मरताना गावं वाटून दिली होती: रिसोड बदरुद्दीनला, पाच कोसांवरचं केनवड चांदला. एकानं दुसऱ्याच्या गावात पिंजण वाजवायची नाही. तीस वर्षं दोघांनी हा करार पाळला आणि करार पाळणारा माणूस सोयरिकीलाही बरा असणार, अशा समजुतीनं बदरुद्दीननं आपली एकुलती मेहर चांदच्या रऊफला दिली. समजूत चुकीची होती असं म्हणता येणार नाही. चांदनं करार खरंच कधी मोडला नव्हता.

या हिवाळ्यात मात्र चांद बैलगाडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा निकामी झाला. रऊफ वाशीमच्या जिनिंगात कामाला, घरी आठवड्यातून एकदा येणारा. चांदनं निरोप धाडला, 'बदरुभाई, एवढा हिवाळा माझी घरं सांभाळ.' बदरुद्दीन आला. चांदनं आळीतली घरं बोटांवर मोजून सांगितली आणि शेवटी म्हणाला, "पाटलाचं तेवढं सोडजो. देवी निघाल्या तिथं. तू उंबरठा चढू नोको, तुले माझी कसम हाय."

बदरुद्दीनला तेव्हा व्याह्याच्या मायेनं भरून आलं होतं.

पाटलांच्या अंगणात तर देवीचा मागमूस नव्हता. बाकी सगळं होतं. दिवाळीच्या आधीची सफाई पाहुण्यांसाठी असते. तिच्यात घरातला पसारा माळ्यावर जातो. दिवाळीनंतरची सफाई घरासाठी. तिच्यात तो पसारा माळ्यावरून खाली येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या त्या हिवाळ्यात सोजरबाईंच्या अंगणात असा वीस वर्षांचा संसार ऊन खात पडला होता: तांब्याचे हंडे, कान तुटलेल्या बरण्या, गोधड्या, एक बिनपायाचा पाट आणि 'टाकायचा नाही' असं ठरलेला प्रत्येक डबा. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारून झाल्या होत्या. एका बाजूला सहा गाद्या पडल्या होत्या. महिनाभर पाहुण्यांनी लोळून त्यांच्या भाकरी केल्या होत्या.

"ह्या साऱ्या उसवा," सोजरबाई म्हणाल्या. "संक्रातीच्या आत मले घर नव्यासारखं पाह्यजे."

बदरुद्दीननं पिंजण लटकवली, तिच्या ताणलेल्या दोरीवर, तातीवर, लाकडी दस्ता मारून आवाज पाहिला आणि पहिली गादी उसवली.

गादी उसवली की घर उसवतं. माणूस कोणत्या कुशीवर निजतो, कोणाला दमा आहे, कोणतं पोर अजून अंथरूण ओलं करतं, नवरा-बायकोत किती हात अंतर आहे, हे सगळं कापसाच्या गाठींत उमटलेलं असतं. रिसोडात कोणाचं कसं चाललंय हे फौजदारापेक्षा बदरुद्दीनला जास्त ठाऊक होतं. फरक एवढाच की फौजदार बोलत असे. बदरुद्दीन गाठी फोडायचा, कापूस फुलवायचा आणि गुपित जिथल्या तिथं शिवून टाकायचा. त्याच्या धंद्यात हे शिकवावं लागत नव्हतं. बोलणाऱ्या पिंजाऱ्याला दुसऱ्या वर्षी कोणी बोलवतच नसे.

पाच गाद्या झाल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सोजरबाईंनी सहावी स्वतः उचलून आणली.

"ही जपून करा. आमच्या जावयाची हाय. मागल्या साली पहिल्या दिवाळसनाले येऊन राह्यले होते जावई, अन घरात धड गादी नाही. चांदले म्हनलं. त्यानं दोन दिसात भरून देली."

"दोन दिसात," बदरुद्दीन म्हणाला.

"दोन! म्हने, बाई, अशी गादी देतो का पुऱ्या तालुक्यात नसन. अन खरंच नाही. जावई तं सकाळी उठेच ना. मालक इतके खूश झाले का चांदले भर चावडीवर जरीचा फेटा बांधला."

तो फेटा बदरुद्दीननं पाहिला होता. चांद गेलं वर्षभर प्रत्येक कार्याला तोच बांधून येत होता.

त्यानं टाके उसवले आणि खोळीत हात घातला. हाताला लगेच कळलं. डोक्याला जरा वेळ लागला, कारण डोकं चांदला व्याही मानत होतं.

गादी भरून झाली की पिंजाऱ्यानं मूठभर कापूस आपल्यासाठी घ्यायचा, असा रिवाज होता. बाकीचे पिंजारी या हक्काच्या मुठींच्या उशा करून विकत. मेहर जन्मली त्या हिवाळ्यापासून बदरुद्दीननं एकही मूठ विकली नाही. एका पोत्यात तो त्या साठवत गेला. काझींच्या घरचा लांब धाग्याचा, तेल्याच्या घरचा जाडाभरडा, मारवाड्याचा दुधासारखा पांढरा, शाळामास्तराचा तीनदा पिंजून थकलेला. सतरा हिवाळ्यांनंतर पोतं भरलं आणि पोरगी लग्नाची झाली. त्या सगळ्या कापसाची त्यानं तिच्या लग्नात द्यायला एकच गादी केली. कोणत्याही एका शेताचा कापूस असा लागत नाही. हाताखाली अख्खं रिसोड लागत होतं.

तरीही त्यानं उजव्या कोपऱ्यापर्यंत हात नेला. माणूस खात्री का करून घेतो, कोण जाणे. कोपऱ्यात हिरव्या चिंधीची पुरचुंडी होती. आत सात लवंगा. पोरीला नजर लागू नये आणि गादीला किडा लागू नये, म्हणून त्याच्या बायकोनं, सुलतानबीनं, शिवून घातलेली. दोन्ही कामं तिनं एकाच पुरचुंडीत भागवली होती. लग्नानंतर दोन महिन्यांत ती गेली.

"काय झालं?" सोजरबाईंनी विचारलं. "हात काहून थांबला?"

बदरुद्दीननं पुरचुंडी मुठीत धरली. एक वाक्य पुरेसं होतं. 'बाई, ही गादी माझ्या हातची, माझ्या पोरीच्या लग्नातली.' संध्याकाळपर्यंत ते केनवडभर झालं असतं. मग चांदला कोणी उंबरठ्यावर उभं केलं नसतं. चांदच्या घरात तीन तोंडं जेवत होती आणि त्यांतलं एक मेहरचं होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "कापूस चांगला हाय."

"हायच. पन आयका, राग नोका मानू, चांदच्या हाताची सर तुमाले याची नाही. थ्या हाताची गोष्टच न्यारी. तुमी फक्त बिघडवू नोका."

"नाही बिघडवत बाई. जशी होती तशीच करून देतो."

आणि त्यानं दिली. गाठ अन् गाठ फोडली, ताण देऊन तात वाजवली, मारवाड्याचा कापूस तेल्याच्या कापसात पुन्हा एकदा उडवला. भिवया, दाढी, खांदे पांढरे झाले. खोळ भरली, चारी कोपरे दाबून बसवले, दाभणानं टाके घातले. सोजरबाईंनी गादीवर हात दाबून पाहिला. गादी खाली गेली आणि वर आली. "जमलं बा तुमालेबी," त्या म्हणाल्या. केनवडात रिसोडच्या माणसाला यापेक्षा जास्त कोणी देत नसे.

"मूठ?" त्यानं विचारलं.

"घ्या की. तुमचा हक हाय. पन दाबून नोका भरू हो!"

त्यानं एक मूठ घेतली. दाबून भरली नाही.

चांद ओसरीवर बसला होता. उजवा हात फडक्यात, डोक्यावर फेटा. खांदा निखळला तरी जरीचा फेटा डाव्या हातानं बांधता येतो, हे त्या महिन्यात त्यानं शिकून घेतलं होतं.

"झाली काय आजची घरं? लई उशीर केला बदरुभाई."

"झाली."

मेहर पाण्याचा तांब्या घेऊन आली. बापाच्या खांद्यावरचा कापूस तिनं सवयीनं झटकला. लहानपणीही झटकायची. बदरुद्दीननं तांब्या घेतला आणि तिच्या हातावर हिरवी पुरचुंडी ठेवली.

"तुया मायची हाय."

मेहरनं ती ओळखली. बोटं मिटली. "कुठी सापडली?" तिनं विचारलं, पण आवाज विचारल्यासारखा नव्हता.

"ज्या घरी देवी निघाल्या ना," बदरुद्दीन म्हणाला, "थ्या घरी."

चांदचा डावा हात फेट्याकडं गेला, अर्ध्यात थांबला आणि गुडघ्यावर येऊन बसला.

"बदरुभाई, पाटील मानूस... दोन दिसात गादी मांगतली. नाही म्हनता येते काय? मंग मेहरनंबी हाव म्हनलं. इचार तिले! मी तिले दुसरी भरून देनारच होतो."

"कवा?"

"हेच... ह्या हिवाळ्यात. पन मंग खांदा..."

बदरुद्दीननं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "फेटा चांगला हाय," तो म्हणाला, आणि उठून परसात गेला.

परसात वाळवणाच्या दोरीवर रोजचं अंथरूण घातलं होतं. दोन पोती उसवून जोडलेली, आत ज्वारीचं भूस. मेहर मागोमाग आली. पोत्यावर पदर टाकावा असं तिच्या मनात आलं असावं. हात तसा हलला. मग तिनं तो नाद सोडला.

"ईदीले आली तवा तू काय म्हनली होती?" बदरुद्दीननं विचारलं. ईद होऊन महिनाही झाला नव्हता.

मेहरनं दोरीची गाठ घट्ट केली. मग त्यानंच सांगितलं.

"म्हनली, अब्बा, तुमच्या गादीवर पाठ टेकली का झोप लागते. मागल्या ईदीलेबी हेच म्हनली. म्या रिसोडात धा जनाले सांगतलं."

"मंग काय सांगाले पाह्यजे होतं?" मेहर म्हणाली. "सासरा म्हने, पाटलाचं काम हाय, तू हाव म्हन. हे गप बसले. अम्मा गेली होती. तुमी एकटे. तुमाले सांगून तुमच्या जेवनाचं कायले इख करू?"

"खोटं बोलली."

"झोप लागते हे खोटं नाही, अब्बा." तिनं पोतं दोरीवर सारखं केलं. "दिसभर राबते मी. कशावरबी लागते."

बदरुद्दीननं पोत्यातलं भूस बोटांनी चाचपलं. चाळीस वर्षं त्यानं लोकांची झोप मऊ करण्यात घालवली होती. आत चांद कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होता. बहुधा खांद्याविषयी.

केनवडची अकरा घरं अजून उरली होती. बदरुद्दीननं ती पुढच्या चार दिवसांत पुरी केली, कारण तसा शब्द दिला होता. जेवायला तो चांदकडं आला, मेहरच्या हातची भाकरी खाल्ली. निजायला मात्र मशिदीच्या ओट्यावर गेला. थंडी फार आहे, असं चांदनं दोनदा सांगितलं. फेटा न बांधता सांगितलं. गाव चांदचं, म्हणून मुठीही चांदच्या. रोज संध्याकाळी बदरुद्दीननं त्या मोजून चांदच्या पुढ्यात ठेवल्या. पाटलाच्या घरची एक सोडून. तिच्याबद्दल चांदनं विचारलं नाही.

पाचव्या दिवशी तो पाच कोस चालून रिसोडला आला. दिवाळी-ईद दोन्ही होऊन गेल्या होत्या आणि गावात घरोघरी गाद्या उन्हात पडल्या होत्या. चार जणांनी रस्त्यातच हटकलं, "कुठी गेल्ता बदरुमिया? वाट पाहून राह्यलो ना!" एकानं मेहरचं विचारलं. "मजेत हाय," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं पिंजण टेकवली. कोपऱ्यातल्या खुंटीला मेहरच्या गादीचं पोतं तीन वर्षांपासून रिकामं लटकत होतं. त्यानं ते खाली काढलं, झटकलं, एक कोळ्याचं जाळं पुसलं आणि मुंडाशाच्या टोकाला बांधून आणलेली मूठ सोडून आत टाकली. पोत्याच्या तळाशी ती दिसलीही नाही. तोंड बांधून त्यानं पोतं परत खुंटीला अडकवलं.

अडकवताना मात्र दोन्ही हात लावले.